मोटार, घाट आणि चाकोरी

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय जाहीर झाला की श्रोत्यांच्या मनात किल्ले, तह आणि सनदा उभ्या राहतात. त्यातून हट्ट्याच्या परिसरात बोलायचे म्हणजे एकीकडे औंढ्याचे नागनाथाचे देऊळ आणि दुसरीकडे नामदेवमहाराजांची नरसी खुणावत असते. असे असताना आम्ही शर्यतीच्या मोटारीची आणि डोंगरातल्या रस्त्यांची गोष्ट सांगायला बसलो, तर 'हे कुठले खूळ?' असे कोणी म्हटल्यास आम्ही रागावणार नाही. परंतु श्रोतेहो, या विषयाचे मूळ आपल्या शिवारातल्याच एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे चाकोरी.

आज आपण हा शब्द माणसाच्या आयुष्याविषयी वापरतो. चाकोरीतली नोकरी, चाकोरीबाहेरचा माणूस असे म्हणतो. शब्द मात्र मूळचा रस्त्याचा. काळ्या जमिनीतली गाडीवाट पावसाळ्यात मऊ झाली की चाकाची लोखंडी धाव तिच्यात रुतते. पुढची गाडी ज्या खुणेने गेली त्याच खुणेने मागची जाते, आणि दोन-चार आठवड्यांत दोन्ही बाजूंना वीतवीत खोल चर पडतात. मध्ये उंचवटा राहतो. दिवाळीनंतर हा सगळा चिखल वाळून विटेसारखा टणक होतो. बैलगाडीचे चाक चार-साडेचार फूट व्यासाचे आणि तिची आस त्या मानाने उंच, म्हणून मधला उंचवटा तिला लागत नाही. मोटारीला तो लागतो. कोणत्या काळातल्या मोटारीला किती लागतो, या एका प्रश्नात रस्त्यांचा शंभर वर्षांचा इतिहास साठलेला आहे.

उघड्या टपाची, लांब नाकाची, दोन माणसांची जुन्या घाटणीची मोटार घेऊन डोंगरातल्या आडरस्त्यांनी हिंडणे हा आज अनेक देशांत एक छंद होऊन बसला आहे. आपल्याकडेही तो आहे. मात्र आपल्या घाटांनी मोटारींची परीक्षा घेतली ती या छंदाच्या पुष्कळ आधी, म्हणजे १९०८ साली. त्या वर्षी मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक चाचणी झाली. तिला शर्यत म्हणण्यापेक्षा कसोटी म्हणणे बरे, कारण अशा चाचणीत सर्वांत आधी कोण पोहोचले यापेक्षा न मोडता, न थांबता कोण पोहोचले याला महत्त्व असे. वाट ६२० मैलांची होती आणि तिच्यात सहा घाट होते. ६२० मैल म्हणजे जवळजवळ १,००० किलोमीटर. मुंबई-कोल्हापूर हे अंतर सरळ रस्त्याने अडीचशे मैलांच्या आतबाहेर आहे. जाऊन परत आले तरी पाचशेच्या आसपासच हिशेब होतो. तेव्हा वाट आखणाऱ्यांनी गाड्या मुद्दाम वळशाने नेल्या असल्या पाहिजेत, आणि त्या नेल्या असतील तर डोंगर अंगावर घेण्यासाठीच, असे आमचे अनुमान आहे. बोरघाट, कात्रज आणि खंबाटकी ही तीन नावे तर त्या काळी मुंबईहून कोल्हापूरला जाणाऱ्याला टळतच नसत.

या चाचणीत नाव झाले ते एका रोल्स-रॉइस गाडीचे. तिचे नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचा मोती. कंपनीचा ४०/५० अश्वशक्तीचा हा नमुना १९०६ च्या अखेरीस लंडनच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आला होता. पुढे जग त्याला 'सिल्व्हर घोस्ट' म्हणू लागले. म्हणजे विलायतेत जेमतेम सव्वा वर्षापूर्वी जन्मलेले यंत्र सह्याद्रीच्या घाटांत उतरले होते. सहा सिलिंडर, सात लिटरचे प्रचंड इंजिन आणि चाके जवळजवळ तीन फूट उंचीची. सहाही घाट पार करून ही गाडी यशस्वी ठरली, आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. सह्याद्रीत कस लागलेली गाडी शिंद्यांच्या दारी जावी, हा योग इतिहासाच्या अभ्यासकाला गमतीचा वाटल्यावाचून राहत नाही. महाराजांनी गाडी घेतली आणि कंपनीला हिंदुस्थानातले संस्थानिक गिऱ्हाईक सापडले. पुढच्या तीन दशकांत संस्थानिकांनी विलायतेतून ज्या शेकडो भारी मोटारी आणवल्या त्यांच्या यादीच्या आरंभी ही घाटातली परीक्षा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता त्या काळी घाटात मोटार नेणे म्हणजे काय होते, ते जरा बारकाईने पाहू. इंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करायचे. दिवे कार्बाइडचे. गिअर बदलताना दोन चक्रांचा वेग चालकाने कानाने ओळखून जुळवायचा, कारण तो आपोआप जुळवणारी रचना १९२८ सालापर्यंत कोणत्याच गाडीत आली नव्हती. चढावर गिअर चुकला तर गाडी थांबे, आणि भरल्या गाडीने चढावर पुन्हा निघणे हे निघण्याहून दहापट अवघड असे. पाणी उकळे. घाटात बैलांसाठी जिथे पाण्याची सोय असेल तिथेच मोटारीचीही तहान भागायची. रस्त्यावर बैलांच्या नालांचे खिळे पडलेले असत. रबरी टायर त्या खिळ्यांना बळी पडत.

तरी चढ हा अर्धाच भाग. खरी भीती उताराची. त्या काळच्या मोटारींना पुढच्या चाकांना ब्रेक नसे. सिल्व्हर घोस्टला पुढचे ब्रेक मिळाले ते १९२३-२४ च्या सुमारास. सुरुवातीच्या गाड्यांत पायाच्या ब्रेकने मागे शक्ती नेणारा दांडा धरायचा आणि हाताच्या ब्रेकने मागची दोन चाके. खंबाटकीसारख्या घाटात उतरताना सतत ब्रेक धरला तर तो तापून निकामी होतो, म्हणून शहाणा चालक ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरे आणि इंजिनालाच लगाम करी. आज एस.टी.चा चालक घाटाच्या माथ्यावर गिअर खाली घेतो, तोच हा जुना धडा.

गिअरांची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. सुरुवातीच्या सिल्व्हर घोस्टला चार गिअर होते. चौथा सपाटीवर आरामात धावण्यासाठी. गिऱ्हाइके मात्र चढावरही चौथ्यातच गाडी ओढत आणि मग ती धापा टाकते म्हणून तक्रार करीत. १९०९ च्या सुमारास कंपनीने तो चौथा गिअर काढून टाकला आणि तिनावर भागवले. १९१२ साली ऑस्ट्रियात आल्प्सच्या खिंडींतून अशीच एक कसोटी झाली. तिथे काट्शबर्गच्या चढावर जेम्स रॅडली नावाच्या शौकिनाची रोल्स-रॉइस थांबली आणि भरल्या गाडीने पुन्हा निघेना. माणसे उतरवावी लागली. कंपनीच्या अब्रूचा प्रश्न झाला. पुढच्या वर्षी, १९१३ मध्ये, चार गिअरच्या गाड्या तयार करून कंपनीने त्याच डोंगरांत पाठवल्या आणि त्यांनी आधीची नामुष्की पार धुऊन काढली. कारखान्यातल्या कुशल यंत्रज्ञांना जे सुचले नव्हते ते एका खिंडीने त्यांच्याकडून करून घेतले. कोणत्याही यंत्राचा इतिहास लिहिताना आपण शोधकाचे नाव पहिल्याने लिहितो. मोटारीच्या बाबतीत रस्त्याचे नावही तितकेच पुढे यायला हवे असे आमचे मत आहे.

तर मग आपल्या घाटांकडे वळू. मोटार आली तेव्हा ते तयार होते, ते कोणासाठी? तोफेसाठी आणि बैलासाठी. १८०४ साली जनरल वेलस्लीने बोरघाटात तोफा नेण्याजोगी वाट केली. तोवर आणि नंतरही कित्येक वर्षे सामान्य प्रवासी तो घाट पायी किंवा तट्टावर चढत असे. १८२५ च्या सुमारास बिशप हेबर या वाटेने पुण्यास गेला. साहेबलोकांच्या घोडागाड्या बांबूंना टांगून हमालांच्या खांद्यांवरून घाट चढवल्या जातात, असे त्याने नोंदवले आहे. म्हणजे बोरघाटातली पहिली चाके जमिनीवरून गेली नाहीत, माणसांच्या खांद्यांवरून गेली! या एका नोंदीपुढे आम्हाला पुढच्या साऱ्या मोटारींचे पराक्रम थोडे फिके वाटतात. त्या हमालांची नावे कुठल्याही कागदात नाहीत.

चाकांच्या गाड्यांसाठी घाटाचा पक्का रस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने खुला केला. त्यावर टोलनाका बसला. कापूस, मीठ, धान्य यांच्या गाड्यांची रीघ लागली. खोपोलीच्या वरच्या अंगाला शिंगरोबाचे देऊळ आहे. ट्रकवाले आणि एस.टी.वाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात. लोक सांगतात की साहेबाला डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपली जनावरे जिथून चढतात ती वाट दाखवली. बक्षीस काय हवे म्हणून विचारले तर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. याला कागदाचा पुरावा मागू नये. पण या लोककथेत एक शहाणपण आहे ते इतिहासकारानेही मान्य करावे: डोंगरातली चांगली वाट आधी जनावराच्या खुराला कळते, मग माणसाला आणि शेवटी इंजिनियराला. घाटरस्त्याचा चढ साधारण वीस फुटांना एक फूट ठेवावा, असे आजही भारतीय रस्ते परिषदेचे मानक सांगते. डोंगर फारच आडमुठा असेल तर सोळा-सतरा फुटांना एक. ओझे घेतलेला बैल न थांबता जो चढ चढू शकतो, त्याच्या आसपासच हे माप येते. मोटार त्या मापावर उशिरा येऊन बसली एवढेच.

आता आपल्याकडे, म्हणजे निजामाच्या राज्यात, काय होते? हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. हिंगोली ही कापसाची मोठी पेठ होती, आणि नागपूरकडची रेल्वे झाल्यावर इथला कापूस बैलगाड्यांनी वाशीमवरून अकोल्याच्या स्टेशनाकडे जाई. १९१२ साली पूर्णा-हिंगोली रेल्वे झाली. छावणी, कापूस आणि रेल्वे या तिघांनी ज्या वाटा मागितल्या त्या झाल्या. बाकी गावांना आपापली चाकोरी.

याच सुमाराची निजामाची एक मोटार प्रसिद्ध आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसची एक गाडी मागवली. नमुना तोच, ज्याने मुंबई-कोल्हापूरचे सहा घाट जिंकले होते. परंतु हिच्यावर सिंहासन बसवले होते आणि रंग पिवळा होता. गाडी येण्यापूर्वीच, १९११ साली, निजाम वारले. त्यांच्या मागून गादीवर आलेले मीर उस्मान अली खान यांनी ती मिरवणुकीपुरती वापरली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे, आणि तिची सगळ्या जन्माची धाव चारशे मैलांच्या आत भरते. हैदराबादेहून निघून हट्ट्याला येऊन परत जायचे म्हटले तरी एवढे मैल पुरले नसते! एकाच कारखान्याच्या दोन बहिणी; एक सह्याद्रीत घाम गाळून नाव मिळवते, दुसरी राजधानीबाहेर पाऊल टाकत नाही. पहिलीने रस्ता पाहिला. दुसरीने प्रजेला आपल्याकडे पाहायला लावले. आम्हाला वाटते, मराठवाड्यातल्या रस्त्यांचे दैन्य या पिवळ्या गाडीच्या मैलांइतके नेमके दुसऱ्या कोणत्याही आकड्याने सांगता येणार नाही. निजामाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवणे न्याय्य होईल. १९३२ साली त्याच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्या घेऊन सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. शेजारच्या मुंबई राज्याला सरकारी एस.टी. सुरू करायला १९४८ साल उजाडावे लागले.

यानंतरचा फेरा मोटारीच्या उंचीचा. १९०८ ची गाडी उंच होती, कारण तिच्या वेळचे जगातले बहुतेक रस्ते गाडीवाटाच होते. मग युरोपात धुळीचा प्रश्न उभा राहिला. १९०२ साली मोनाकोत गुग्लिएल्मिनेत्ती नावाच्या स्विस डॉक्टराने रस्त्यावर डांबर ओतून धूळ बसवण्याचा प्रयोग केला, आणि तिथून डांबरी रस्ता पसरत गेला. रस्ता गुळगुळीत झाला तशी मोटार खाली बसू लागली. खाली बसलेली गाडी वळणावर कमी कलते, म्हणून वेगाने वळते. स्पोर्ट्स मोटारीचे सगळे सौंदर्य या बसक्या बैठकीत आहे. १९३० नंतरच्या एम.जी. गाड्या पाहा: बसके अंग, लांब नाक, पुढची काच आडवी पाडता येते. १९५७ साली इंग्लंडात कॉलिन चॅपमनने 'लोटस सेव्हन' काढली. तिने तर कमालच केली. दार नाही, पक्के छप्पर नाही, वजन अर्ध्या टनाच्या आसपास, आणि चालक बसला की त्याचा हात बाहेर काढून जमिनीला लावता येईल इतकी ती खाली. जमीन आणि गाडीचे पोट यांच्यात अंतर चार-पाच इंच.

ही घाटणी इतकी लोकप्रिय झाली की जगभर तिच्या नकला निघाल्या. त्यातली एक महाराष्ट्रातही झाली. अलिबाग तालुक्यातल्या कार्लेखिंड या गावी चिंकारा मोटर्स नावाच्या छोट्या कारखान्याने लोटस सेव्हनच्या वळणाची 'रोडस्टर' बनवली. अंग काचतंतूंचे, इंजिन १.८ लिटरचे इसुझूचे, म्हणजे आपल्याकडे कॉन्टेसा गाडीत असे त्याच जातीचे. गावाचे नाव पाहावे: खिंडीच्या नावाचे गाव आणि तिथे घाटात खेळवायची गाडी. अलिबागहून वडखळ-पेणवरून खोपोली गाठली की समोर बोरघाट. हलकी गाडी, जोरकस इंजिन आणि वीस फुटांना एक फूट चढणारा, एकामागून एक वळणांचा रस्ता. ज्याने या घाटात अशी गाडी चालवली असेल त्याला सुख काय ते वेगळे सांगायला नको. वारा तोंडावर येतो, दरीतला दमट वास येतो, आणि प्रत्येक वळणावर रस्ता हातातल्या चाकाशी बोलतो. आम्ही या छंदाची थट्टा करीत नाही. यंत्रावर प्रेम करणारा माणूस रस्ता फार बारकाईने वाचतो, आणि रस्ता वाचणारी माणसे कोणत्याही काळात थोडीच असतात.

पण तीच गाडी घाटमाथ्यावर डांबर सोडून आडरस्त्याला लागली की गणित उलटते. सह्याद्रीत दगड असतो आणि मुरूम असतो. चाकाखाली निदान जमीन तरी असते. आपल्या काळ्या मातीत तेवढाही भरवसा नाही. या मातीचा गुण असा की पाणी लागले की फुगते आणि सुकली की भेगाळते. तिच्यावर नुसती खडी टाकली तर ती दोन पावसांत पोटात घेते. चार इंचांवर पोट असलेली गाडी अशा वाटेवर आली की चाके चरात आणि पोट उंचवट्यावर टेकते. चाके हवेत फिरतात आणि गाडी जागच्या जागी. तिथे १९०८ ची तीन फुटी चाकांची गाडी निघून जाईल, बैलगाडी तर जाईलच. जुन्या घाटणीची म्हणून मिरवणारी ही मोटार दिसायला जुनी, पण जुन्या काळच्या रस्त्याला नालायक असते. तिचे रूप एका युगाचे आणि तिची उंची दुसऱ्या युगाची. १९६८ च्या लंडन-सिडनी मोटार मॅरेथॉनमध्ये ९८ गाड्या निघाल्या. त्यातल्या ७२ मुंबईहून 'चुसान' बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यांत एम.जी.बी. ही स्पोर्ट्स गाडी होती, पोर्शेही होत्या. शेवटी जिंकली मात्र अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर, चार दारांची साधी घरगुती मोटार! डोंगर आणि वाळवंट यांना रूप कळत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शौकीन माणूस खडतर रस्ता शोधत जातो. तो रस्ता त्याला हवा असतो, कारण तो संध्याकाळी तिथून परत येणार असतो. त्याच रस्त्याच्या टोकाला जे गाव असते त्याला तो नको असतो. पावसाळ्यात बाळंतीण बाजेवर घालून चौघांनी गुडघाभर गाऱ्यातून डांबरी सडकेपर्यंत न्यायची, हे मराठवाड्यातल्या किती तरी गावांनी केले आहे. त्या चौघांना कोणी 'खडतर प्रवासाची मौज' म्हणून दाखवावी! हेबरने पाहिलेले हमाल आणि हे चौघे यांच्यात आम्हाला फारसे अंतर दिसत नाही.

आणि तरीही शौकीन आणि गावकरी यांची नाती इतकी तुटक नाहीत. १९२७ साली केंद्र सरकारने हिंदुस्थानातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. रस्त्याचा खर्च एकट्या जिल्हा मंडळांना झेपणारा नाही, जो मोटार चालवतो त्याच्या पेट्रोलमधून तो काही अंशी वसूल करावा, असा तिचा मथितार्थ. १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून रस्तेनिधी उभा राहिला. म्हणजे घाटात मौजेने गाडी पळवणाऱ्याने आपल्या नकळत कुठल्यातरी पुलाचा एखादा दगड बसवला आहे. व्हायोलिनप्रमाणे गाडी वाजवणारे संस्थानिक आणि सावकार यांच्याविषयी आमचे मत फारसे चांगले नाही, पण हा दोन आण्यांचा हिशेब त्यांच्या खात्यावर जमा धरला पाहिजे.

पैसा असा उभा राहिला; हात कोणाचे लागले? सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. कागदावर रस्ते पुष्कळ आखले गेले. प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या असंख्य रस्त्यांची खडी फोडली गेली ती १९७२ च्या दुष्काळात. पीक नाही, पाणी नाही, जनावरे बाजारात. अशा वेळी घरच्या घरी मानाने राहणाऱ्या बायाही हातोडा घेऊन खडीच्या ढिगापाशी बसल्या. सुकडी खाऊन दिवस काढले. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी माणसांच्या तळहातांनी ती खडी पाहिली आहे. त्याच अनुभवातून रोजगार हमीची योजना वाढली. वि. स. पाग्यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे, आणि १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. आपल्या भागातल्या रस्त्याचा इतिहास खणायचा तर सनदा शोधू नयेत. दुष्काळी कामाचे हजेरीपट शोधावेत. त्यात अंगठे सापडतील, आणि तेच या रस्त्यांचे शिलालेख आहेत.

घाटांचेही दिवस आता पालटले आहेत. द्रुतगती मार्ग झाला, बोगदे झाले आणि कात्रजचा जुना घाट मोकळा पडला. ज्या रस्त्यावर दिवसरात्र मालट्रकांची रांग असे, तो आता आडरस्ता झाला आणि शौकिनांना मिळाला. बोरघाटातला १८३० च्या वेळचा दगडी पूल, ज्याला सारा महाराष्ट्र जाहिरातीमुळे 'अमृतांजन पूल' म्हणत असे, तो एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. द्रुतगती मार्गावर त्याचे खांब वाहतुकीला अडथळा होत होते. माल्कमच्या काळचा तो साक्षीदार. १९०८ च्या मोटारी घाट चढल्या तेव्हाही तो तिथे उभा होता. तो जपायला हवा होता असे आम्हाला वाटते. रोज त्या घाटात अडकून पडणाऱ्याला तसे वाटले नसेल, हेही आम्ही जाणतो.

आपल्यापैकी कोणाला अशी मोटार घेऊन निघायची हौस आलीच, तर सोय घरापाशीच आहे. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग परभणी-वसमतवरून जातो. पश्चिमेला तोंड करून निघावे. पाथर्डी मागे टाकल्यावर करंजीचा घाट लागतो आणि नगर ओलांडून पुढे गेले की माळशेज. करंजीत गाडीची आणि आपली ओळख होते, माळशेजमध्ये परीक्षा होते. श्रावणात तिथे दरडी कोसळतात आणि धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही, म्हणून मार्गशीर्ष-पौषातच जावे. माथ्यावर गिअर खाली घ्यावा आणि खालपर्यंत ब्रेकला हात लावायची वेळ येऊ देऊ नये.

हट्ट्याच्या शिवारातच ती न्यायची असेल तर चैत्र-वैशाख बरा. चरात चाक घालू नये. एका बाजूची चाके मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बांधाच्या कडेला ठेवून हळू चालवावी. समोरून बैलगाडी आली तर आपण मागे घ्यावे, तिला मागे घेता येत नाही. आणि बाभळीच्या काट्यासाठी एक जादा चाक बरोबर असावे. दोन असल्यास अधिक चांगले.